जिजाताईची राखण

विरार (पश्चिम),
९ जून २०२५

तीर्थरूप जिजाताईस,
शत्रुघ्नचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तू फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवलास, त्याला दोन महिने झाले. त्या तोतया पोलिसाने तुला फोनवरून अटक केली आणि तू त्याला भाकऱ्या होईपर्यंत थांबायला सांगितलंस, ही हकिगत मी शिक्षकांच्या खोलीत अजून सांगतो. पण विरारहून भुईगावला, रिक्षाने पाऊण तासावर, पोस्टाने पत्र पाठवणारा मी या तालुक्यातला शेवटचा माणूस असेन. पोस्टातली बाई तिकीट देताना माझ्याकडे दयेने बघते.

बातमी अशी की ज्ञानदाला जर्मनीतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. विषय संस्कृत. सत्तावीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवतो आहे, आणि माझी मुलगी ते शिकायला जर्मनीला निघाली. मी कारण विचारलं, तर म्हणाली की बाबा, तिथले लोक शिकवताना चिडत नाहीत. तेव्हापासून तिच्या आईचं, मीराचं हसू थांबलेलं नाही.

त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढायचं आहे. ज्ञानदासोबत सही माझी, कारण मीराच्या नावावर घराचं कर्ज आधीच आहे. जुलैअखेर कर्ज मंजूर झालं नाही तर प्रवेश हातचा जाईल. बँकेत दिपिका नावाची अधिकारी मुलगी आहे. तिने बजावलं की तोवर क्रेडिट स्कोअर जपा. हल्ली दुसऱ्याच्या नावावर कर्ज उचलणारे फार झालेत, तेव्हा लक्ष ठेवणारी एखादी सेवा घ्या. हा स्कोअर म्हणजे माणूस उधारी फेडतो की नाही याचे नऊशेपैकी गुण. मला सातशे सत्तर आहेत. शाळेत असताना गणिताने मला इतक्या मायेने कधी वागवलं नव्हतं.

तर आता राखणदार निवडायचा आहे. उमेदवार तीन. ‘स्कोअरमित्र’ फुकट आहे, पण रोज सकाळी मलाच विचारतो की कर्ज हवंय का. म्हणजे राखण करणाराच येणाऱ्या-जाणाऱ्याला वाडीत बोलावतो. ‘पतप्रहरी’ वर्षाचे पैसे घेतो, आणि माझी माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून आधी ती सगळी स्वतः मागून घेतो, आईच्या माहेरच्या आडनावासकट. तिसरा ‘जागता’. त्याच्या जाहिरातीत घुबड आहे. बाकीचे दोघेही दोन महिने फुकट चाकरी करायला तयार आहेत, म्हणून तिघांनाही ठेवलंय. पण यातला खरोखर जागा कोण, हे ओळखायचं कसं? न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकवतात. राखणदार झोपलाय हे कशावरून ओळखायचं, ते कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

तुझा सल्ला कळव. शेजारच्या मेरीबाईंना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे. त्यात चढउतार झाल्यास मला आधी कळावं.

तुझा
शत्रुघ्न


भुईगाव,
१३ जून

चि. शत्रुघ्न यास जिजाताईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. ज्ञानदाच्या नावाने देवापुढे साखर ठेवली. मेरीने तिच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्तीही लावली, म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त झाला. पोरगी घराबाहेर पडते आहे तर तिचं पैशावाचून अडू देऊ नकोस. मला दहावीनंतर शिकायचं होतं, ते वसईच्या कॉलेजापर्यंतसुद्धा जमलं नाही. असो.

राखणदाराचं विचारतोस, आणि आपल्या बाबांना विसरलास? केळीच्या वाडीला माणूस ठेवायचा म्हणजे बाबा आठवडाभर काही बोलायचे नाहीत. मग एके दुपारी तोंडाला पंचा गुंडाळून स्वतःच कुंपणावरून आत उतरायचे आणि केळीचा घड कापायला लागायचे. पहिले दोघे घोरत पडले होते. तिसऱ्याने बाबांच्या पाठीत बांबू घातला. तो पुढे वीस वर्षं राहिला. थंडी पडली की बाबा पाठ धरून बसायचे, पण माणूस बरोबर निवडला, असंच म्हणायचे. मी आपली आठवण सांगितली. तू शिकलेला आहेस.

आता माझ्या बरण्यांचं. गेल्या वर्षीची कैरीच्या लोणच्याची, त्याच्या आधीची लिंबाची, आणि त्याच्याही आधी करवंदाची दिली होती ती. तिन्ही तुझ्याकडे आहेत. यंदा लोणचं घातलं आणि भरायला घरात बरणी नाही. मेरीकडून मागून आणली. तुझ्या त्या नऊशे गुणांत बरण्या धरतात की नाही, ते त्या घुबडाला विचार.

मीराला आशीर्वाद. पोटाला जपून खा.

तुझी
जिजाताई


विरार,
१९ जून

तीर्थरूप जिजाताईस शि. सा. नमस्कार.

तुझी आठवण वाचली आणि डोक्यात उजेड पडला. बाबांची पद्धत निर्दोष आहे. चोर कधी येईल याची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच चोर व्हावं. म्हणून सोमवार ते गुरुवार, रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर, मी माझ्याच नावावर एकेक कर्ज मागितलं. अस्सल चोर काय मागेल याचा पुष्कळ विचार केला. पहिलं अर्नाळ्याला मासेमारीची बोट घेण्यासाठी, दुसरं ट्रॅक्टरसाठी, तिसरं चिंचोटीच्या धबधब्यापाशी भज्यांची गाडी टाकायला आणि चौथं ब्युटी पार्लरसाठी. कंपन्या चार वेगवेगळ्या. मंजुरी आली की नम्रपणे नाही म्हणायचं, एवढंच.

तिघे राखणदार गाढ झोपेत आहेत. ‘स्कोअरमित्र’ने कर्ज हवंय का म्हणून विचारलं. ‘पतप्रहरी’ने वार्षिक वर्गणीवर सूट देऊ केली. घुबडाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. तो डिसेंबरात असतो.

अर्जात वेगळं राहणाऱ्या एका नातेवाइकाचं नाव-पत्ता लागतो, तिथे तुझा टाकलाय. कुणी येणार नाही, हल्ली सगळं संगणकावरच होतं. तुला त्रास नको म्हणून मुद्दाम लिहिलं नव्हतं, पण आता लिहितो आहे.

बरण्यांबद्दल माझी बाजू ऐक. भांडं रिकामं परत पाठवू नये, हे तूच मला लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलंस. त्यात भरण्याजोगं आमच्या घरी काही होत नाही. मीरा ऑफिसात चढउताराचे आलेख करते, मी शब्दरूपं करून घेतो. दोन्ही बरणीत भरता येत नाहीत. म्हणजे मी बुडवा नाही, शास्त्रात अडकलेला आहे.

लोभाचं खातं चालू ठेव.

शत्रुघ्न


भुईगाव,
२० जून

चि. शत्रुघ्नास अ. उ. आशीर्वाद.

घाईने लिहिते आहे. तू ज्याची भीती घातली होतीस तेच झालं. तुझ्या नावावर चोर उठलेत. एक नाही, चार. पण घाबरू नकोस, मी सगळे परतवले.

मंगळवारी मोटारसायकलवरून हितेश नावाचा मुलगा आला. नालासोपाऱ्याचा आहे, बोलायला गोड. कुठल्याशा कर्जाच्या कंपनीकडून चौकशी करायची म्हणाला, तुमचे बंधू बोट घेतायत, माणूस कसा आहे? मी लगेच ओळखलं. तू आणि बोट! अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाताना तू होडीत ओकला होतास, तेही होडी सुटायच्या आधी. मग मी विचार केला की आपण तुला चांगलं म्हटलं तर पैसे चोराच्या हातात पडणार. म्हणून सांगितलं की माणूस वाईट आहे.

बुधवारी तोच मुलगा ट्रॅक्टरसाठी आला. त्याला कंपन्यांचं, बँकांचं, सगळ्यांचंच काम आहे म्हणे. मी म्हटलं, सायकलवरून पडतो. काल भज्यांच्या गाडीसाठी आला, तेव्हा सांगितलं की चहासुद्धा उतू घालवतो. आज ब्युटी पार्लर. तेव्हा मी त्याला तुझा भाऊबीजेचा फोटो आणून दाखवला आणि विचारलं की या डोक्याचा माणूस केसांचा धंदा करील का? वर चारही वेळा हेही घातलं की याला दिलेली वस्तू परत येत नाही. माझ्या बरण्यांचा दाखला दिला, म्हणजे ते तरी खोटं नव्हे. मुलगा सगळं फोनवर टिपून घेत होता.

मेरीनेही कुंपणापलीकडून दुजोरा दिला. मग तिला हुरहुर लागली. म्हणते की मला रविवारी फादरांकडे पाप सांगायला लागेल, तुझं बरं आहे, तुला कुणी विचारणारा नाही.

तुझ्या तिन्ही राखणदारांना काढून टाक. लोभ आहेच, दाराशी काठी घेऊन बसलाय.

जिजाताई


विरार,
२५ जून

तीर्थरूप ताईस नमस्कार वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना नमस्कार करून गेलेली दिसतात. माझं आता तुला मिळालं असेल, तेव्हा चोर कोण ते कळलंच असेल. फार बोलू नकोस. इथे आधीच पुष्कळ बोलून झालंय.

चारही अर्ज नाकारले गेले. आणि इतक्या ठिकाणी कर्ज मागणारा माणूस अडचणीत असणार, असं धरून माझे गुण सातशे बेचाळीसवर आले. बँकेला साडेसातशे लागतात. दिपिकाने विचारलं की सर, एका आठवड्यात बोट, ट्रॅक्टर, भजी आणि पार्लर? मी बाबांची केळीची वाडी सांगितली. तिने पाणी मागवलं. माझ्यासाठी.

तुझं नाव सहीला घालता येईल का, तेही बघितलं. तू आयुष्यात एका पैचं कर्ज काढलेलं नाहीस, त्यामुळे तुला गुणच नाहीत. वेदान्तात अशा अवस्थेसाठी लोक जन्म घालवतात, पण बँक निर्गुणाला कर्ज देत नाही.

एकच वाट उरली. घरच्या चौकशीचा अहवाल चांगला आला तर दिपिका वर शिफारस करणार आहे. चौकशीला माणूस तुझ्याकडेच येईल, कारण पत्ता तुझाच दिलेला आहे. मी स्वतः येऊन सांगितलं असतं, पण अर्जदाराने नातेवाइकाला पढवायचं नाही असा नियम आहे. पत्राबद्दल नियमात काही दिसलं नाही.

मीरा माझ्याशी बोलत नाही. ज्ञानदा बोलते, तेच वाईट आहे. काल तिने बॅगेत भरलेला लोकरीचा स्वेटर काढून गुपचूप कपाटात ठेवला आणि मला म्हणाली की बाबा, चालतं, पुढच्या वर्षी बघू. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

या वेळी मी चांगला आहे, एवढं सांग. जमेल तसं सांग.

शत्रुघ्न


भुईगाव,
२८ जून

चि. शत्रुघ्नास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पंचवीसचं पत्र आज सकाळी आलं. हितेश काल येऊन गेला.

मला दारात बघून तो हसायला लागला. माझा वेळ वाया जाऊ नये म्हणून ‘माणूस वाईट’ असं त्याने आधीच लिहून आणलं होतं. हा तुझा पाचवा खेळ समजून मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात त्याने सांगितलं की मावशी, या वेळी मुलीच्या शिक्षणासाठी आहे, जर्मनीला. मी फाटक सताड उघडलं.

त्याला आत बसवून सरबत दिलं आणि सगळं सांगितलं. बाबा, केळी, बांबू, तुझं ते ‘मीच चोर’चं पत्रही वाचायला दिलं. मेरीला बोलावलं. तिने सांगितलं की ती फादरांकडे पाप सांगूनसुद्धा आली आहे, आता याहून मोठी साक्ष काय हवी. मुलगा बिचारा घामाघूम झाला. म्हणाला की चार वेळा वाईट आणि पाचव्यांदा चांगला असं लिहिलं तर माझी नोकरी जाईल. मग फोन खाली ठेवून त्याने विचारलं, “मावशी, खरं सांगा. तुम्ही स्वतः या माणसाला काही द्याल का?”

मी म्हटलं, “तीन दिल्या, एकही परत आली नाही. चौथी भरून ठेवलीय.”

मेरीच्या बरणीकडे बोट दाखवलं. फडकं बांधून कोनाड्यात ठेवली आहे, वर तुझं नाव. त्याने फोन उचलला आणि काहीतरी लिहून निघून गेला. काय लिहिलं ते दाखवलं नाही. जे लिहिलं असेल ते खरं असेल, कारण मी खोटं काही बोलले नाही.

स्वेटर परत बॅगेत ठेवायला सांग.

जिजाताई


विरार,
१६ जुलै

तीर्थरूप जिजाताईस शि. सा. नमस्कार वि. वि.

काल कर्ज मंजूर झालं. हितेशने लिहिलेलं वाक्य दिपिकाने मला वाचून दाखवलं: ‘परतफेड वाईट; तरीही बहीण देत राहणार.’ तिच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली.

संध्याकाळी तिघे राखणदार एकदम जागे झाले. आपल्या नावावर संशयास्पद कर्ज निघालं आहे, तातडीने कळवा. घुबडाने तर फोन केला. मी म्हटलं, आयुष्यात एकदाच सरळ कारणासाठी घेतलंय, तेवढं सोडून दे बाबा. तिघांनाही कामावरून काढलं.

निवड झाली आहे. बाबांच्या कसोटीप्रमाणे जो पाठीत बांबू घालील तोच खरा. माझी पाठ अजून दुखते आहे.

हे पत्र घेऊन ज्ञानदाच येते आहे, स्कूटरवरून, तिन्ही बरण्यांसकट. रिकाम्या नाहीत. बेसनाचे लाडू मी स्वतः वळलेत. आठ दिवस तुझ्याकडे राहीन म्हणते. तिला भाकरी शिकव, तिकडे उपयोगी पडेल. आणि जाताना ती चौथी बरणी तिच्याबरोबर दे. फडक्यावरचं माझं नाव खोडून तिचं घाल.

तुझ्या पहाऱ्यात राहणारा,
शत्रुघ्न


भुईगाव,
१९ जुलै (कार्ड)

चि. शत्रुघ्नास आ.

पोरगी आणि बरण्या पोचल्या. लाडू मेरीच्या कुत्र्याने हुंगून सोडले, ज्ञानदा खाते आहे. चौथीवर तिचं नाव घातलं. दोन बरण्यांना झाकण नाही. लोभ पूर्ण, गुण कापले.

जिजाताई