केसातलं पीठ

टिल्डे बाळा,

मे महिन्यात आपल्या रिबे गावच्या चर्चमध्ये तुझं दृढीकरण होईल, बाप्तिस्म्याचं वचन तू स्वतःच्या तोंडानं पक्कं करशील, तेव्हा आशीर्वादासाठी तुझ्या डोक्यावर हात ठेवायला पाद्री किर्स्टिनबाई असतील. मी पलटणीचा पाद्री म्हणून सैनिकांबरोबर दूर असेन. "बाबा, देवाला दुसरा पाद्रीच मिळाला नाही का?" असं तू फणकाऱ्यानं विचारलंस. खरं सांगू? मला कुणी पाठवत नाहीये, मीच हात वर केला. तिकडे जाणाऱ्या पोरांजवळ बंदूक नसलेलं एक तरी माणूस हवं.

आज सकाळी आपण बनपावाचं पीठ मळताना "केसात पीठ लागलंय" म्हणत मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वादाचे सगळे शब्द मनात म्हणून घेतले.

"पुरे की, बाबा!" तू ओरडलीस.

हे पत्र तुला देणार नाही. मेमधला आशीर्वाद तुला पहिलाच वाटू दे.

पीठ नव्हतंच, बाळा.

तुझा,
बाबा