आत्या अजून फोकसमध्ये नाही

४ नोव्हेंबर, सकाळी
रेणापूरहून आत्याचा निरोप. फोटो काढायला ये. हार घालायचा फोटो.
केवळाआत्या ऐंशीच्या पुढं आहे, तब्येत ठणठणीत. धास्ती एकच. नंतरच्या घाईत लेकरं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावतील. त्यात ती कोंबडीचोर दिसते, हे तिचंच म्हणणं. तिला भिंतीवरच्या तिच्या मालकांच्या, किशनमामांच्या, शेजारी शोभेल असा हवा. मामांचा फोटो माझाच. लातुरात माझा स्टुडिओ होता तेव्हाचा. रोलवर, ब्लॅक अँड व्हाइट, एका क्लिकमध्ये. म्हणजे हाही रोलवर, त्याच कॅमेऱ्यानं, त्याच मॅन्युअल लेन्सनं. जोड दिसली पाहिजे.
संकल्प: एकच क्लिक. दुसरा मारायचा नाही.

७ नोव्हेंबर
रेणापूर. आत्या इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन तयार. मामांच्या फोटोखाली खुर्ची मांडली. व्ह्यूफाइंडरच्या मधल्या गोलात चेहऱ्याचे दोन तुकडे दिसतात. लेन्सची रिंग फिरवून ते जुळवले की फोकस. आज जुळेनात. वयानं आत्याचा चेहराच मऊ पडलाय, कॅमेरा तरी काय करणार. शेवटी वरच्या फ्रेमची कड धरली. सरळ रेघ, झकास जुळली. फ्रेम जुळली म्हणजे तिच्याखालचं माणूस जुळलंच.
पूर्ण रोल संपला. खबरदारी म्हणून.

९ नोव्हेंबर
बाथरूममध्ये रोल धुतला. किशनमामा कडक आलेत, मिशीचा केसन्‌केस मोजून घ्या. खाली धुकं. धुक्याला इरकलीचे काठ.
दोष टँकरच्या पाण्याचा. लातुरात फिल्म धुणं म्हणजे धाडस आहे. कमलम्मानं विचारलं, पाण्यानं मामांना बरं सोडलं? बायकोला केमिस्ट्री शिकवत बसायला वेळ नाही.

१० नोव्हेंबर
आत्याला प्रिंट दाखवली. मागच्या साली शिबिरात तिचे दोन्ही मोतीबिंदू निघाले, तेव्हापासून तिला नको तेवढं दिसतं. बराच वेळ बघून म्हणाली, "म्हंजी ते जिते, नि मीच गेलेली?"
पुन्हा काढायचं ठरलं. तिची तयारी आहे. बाकीच्या म्हाताऱ्या फोटोला घाबरतात, हिला फोटो न निघण्याची भीती.

१२ नोव्हेंबर
निर्णय पक्का. ऑटोफोकस.
डोळ्यांचा काही संबंध नाही. काळाबरोबर चाललं पाहिजे, एवढंच. रोल तोच, फिल्म तीच, फोकस तेवढा मशीननं करायचा. मॅन्युअलला चिकटून बसतात ते हट्टी लोक. मी त्यातला नाही.

१५ नोव्हेंबर, दुपारी
नांदेडला निघालो आणि औशाच्या एसटीत बसलो. एसटीवाले हल्ली पाट्या फार बारीक लिहितात. परत येऊन दुसरी गाडी धरली.
महेबूबभाईचं दुकान वजिराबादेत. जुने कॅमेरे, लेन्सा, दुरुस्ती. माझा जुना दोस्त. ऑटोफोकसचा फिल्म कॅमेरा लेन्ससकट हातात दिला. बटण अर्धं दाबलं की लेन्स आपली आपण फिरते, बीप वाजतं. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून तपासत होतो, खरंच जुळलं का. भाई म्हणाला, "अप्पा, ते बघून राहिलं ना? मग तुम्ही कशाला बघून राहिले? बीप वाजू द्या, बटन दाबा."
मग डोळे दाखवा म्हणाला. उजव्या डोळ्यात पांढरं दिसतंय म्हणे. दुकानदारानं माल विकावा, गिऱ्हाइकाचा डोळा बघू नये. अशानं धंदा होत नाही.

१७ नोव्हेंबर
रेणापूर, दुसरी बैठक. या वेळी मागं कोरी भिंत. मीही शिकतो.
आत्याच्या चेहऱ्यावर धरलं. लेन्स घुर्र करून पुढं गेली, मागं आली, पुन्हा पुढं. आत्या म्हणाली, ह्याला का दम लागलाय? सोप्यावर बसलेल्या चार बाया हसल्या. पुढच्या खेपेला जुळलं, बीपही वाजलं. पण मला ते जुळल्यासारखं दिसेना. आता मशीनवर विश्वास ठेवायचा की तीस वर्षांच्या हातावर?
लेन्सवरचं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर सरकवलं. फक्त एका फोटोपुरतं.
परत सरकवायचं राहिलं.

१९ नोव्हेंबर
रोल धुतला. बिसलेरीच्या पाण्यानं.
फोटो अत्यंत तरल आलेत. यालाच सॉफ्ट पोर्ट्रेट म्हणतात, मोठ्या शहरांत मुद्दाम करून घेतात. एक मोठा केला, मामांच्या मापाची फ्रेम बनवली. कमलम्मानं फ्रेमला लगेच पेपर गुंडाळला. म्हणजे आवडला.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी
फ्रेम आत्याच्या भिंतीवर टांगली. मामांच्या शेजारी, खिळ्याची उंची दोरीनं मोजून.
आत्या खाली उभी राहून बघत राहिली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.
"वीरू, लोक इचारतील, किशनरावानं ही कोण शेजारी बसवली?"
मी सॉफ्ट पोर्ट्रेट समजावून सांगायला लागलो. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं आणि माझ्या डोळ्यात बघितलं. मग फ्रेम उतरवायला लावली.
"आधी डोळा करून घे. तवर मी कुठं जात न्हाई."
येताना गाडी कमलम्मानं चालवली. मी दमलो होतो.

२५ नोव्हेंबर
तपासणी. निव्वळ आत्याच्या समाधानासाठी.
उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. व्ह्यूफाइंडरला लावतो तोच डोळा. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस चालवलं कसं? सांगितलं, अनुभवावर.
ऑपरेशन करून डोळ्यात नवी लेन्स बसवतात. मी लगेच विचारलं, मॅन्युअल की ऑटोफोकस? लेन्सच्या बाबतीत सध्या माझा अभ्यास ताजा आहे. डॉक्टर म्हणाले, साधी लेन्स घेतली तर दोन्ही नाही. ती फिरतच नाही. एकदा बसवली की एकाच अंतरावर पक्की, बाकीचं चष्म्यानं बघायचं. लांबचं हवं की जवळचं, तेवढं ठरवा.
मी नीट विचार करून सांगितलं, सहा फूट.
डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांना हिशेब समजावला. माझ्यासमोर आत्या सहा फुटांवर बसते, मामांनाही तेवढ्यावरच बसवलं होतं, जोड दिसायची तर अंतर बदलून चालणार नाही.
कमलम्मा शेजारच्या स्टुलावर माझा चष्मा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "लांबचंच करा, डॉक्टरसाहेब. आत्याची खुर्ची मागं सरकवू."
डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं.