ढेपीशिवाय काहीच बदलू नये

तुले शेतकीच्या शाळेत कोनं घातलं जगदेव, हेच मी इचारून राह्यली, अन् ज्यानं घातलं तो आपला बाप आता उत्तर द्यायले हयात नाई. (आशीर्वाद लिहायचे राह्यले, ते घे. तुही तब्येत बरी असीनच. लोकाइच्या घरात बिघाड करनाऱ्याले काय होते.)

मांगं केनवडले आलता तवा तुह्या भाऊजीले सांगून गेलास का चांदी म्हशीले सरकीच्या जागी पेंडीची ढेप देऊन पाहा, पन बाकी काईच बदलू नका, नाईतर दूध कायनं वाढलं ते समजनार नाई. तू मोटारीत बसून गेलास. इकडं त्याईनं ठरवलं का बाकीत मीबी येते. धार मी काढते, म्हनून मी होती तशीच राह्यली पायजे. लुगडं तेच हिरवं, धुतलं का वाळवून पुन्हा तेच. चरवी तीच, बसायची जागा तीच. चांदीनं लाथ झाडली का मी तिले शिव्या घालते, तुले ठाऊक हाय; त्याबी नेहमीच्याच अन् नेहमीच्याच आवाजात. परवा मले खोकला आला तं सोताच्या हातानं काढा करून पाजला. मले वाटलं, इतक्या वर्सानं मानसाले माया फुटली. तं म्हनते, खोकल्यानं म्हैस बिचकली तं दोष ढेपीचा का तुह्या घशाचा, कसं समजीन.

अन् एवढं करून दूध कमीच झालं. जो मानूस जलमात धारेच्या वक्ती गोठ्यात आला नाई, तो आता दोन्ही वक्त तिच्या तोंडासमोर उकिडवा बसून टक लावून पाहाते. मी म्हटलं, तुमी इथं बसता हा बदल नाई का. म्हनते, मी बदल नाई, मी पाहनारा.

हेबी सोसलं असतं. पन शनवारी तुह्या ललितीची हळद, अन् पोरीले आत्या एकच. तिच्या अंगाले पयली हळद मी लावायची का शेजारीन? तुहे भाऊजी म्हनते, परीक्षा पुरी झाल्याबिगर धार काढनारीनं गाव सोडू नये, तुह्याच भावाचा नियम हाय.

तुही बहीन,
रुख्मिणी

ता.क. खरं सांगते, मी काल त्याईले म्हटलं का आता ढेप तशीच ठेवा अन् धार काढनारा बदलून पाहा. पटलं. माह्यं हिरवं लुगडं नेसून बसले (म्हैस बाईच्या हाताची असली का गडीमानसं असंच करतात, त्यात नवल नाई). चांदीनं जवळ येऊ देल्लं, पन पान्हा सोडला नाई. आता म्हनते, लुगडं तेच हाय, बांगड्यांचा आवाज तेवढा बदलला. हातातल्या काढून दे अन् जाय हळदीले. नवरा धडधाकट असतांनी, अन् नवऱ्यालेच घालायले, मी हात मोकळे करू?

आनखी ता.क. तवा सोताच्या अक्षरात लिव का बांगड्या बदलात धरू नका. तुह्यं ऐकते, माह्यं नाई. बुधवारच्या मोटारीनं उत्तर आलं पायजे. नाईतर शनवारी मी येते, चांदीले घेऊन, मांगून तुहे भाऊजी हिरव्या लुगड्यात. मंग तुह्या इंझोरीच्या मांडवात काय काय बदललं, ते तुह्या व्याह्याले तूच समजावून सांग.