दोन दगडू

सर, काल पुण्याच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. पाथर्डीच्या त्या घरातली नात गरोदर आहे; पोटातल्या बाळात ते विकर, म्हणजे ते एन्झाइम, पुरेसं आहे, असं त्यांनी दोनदा तपासून सांगितलं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वस्ती अजून दिसते. दोन सख्ख्या बहिणी एकाच घरात जावा, दोघींचे नवरे त्यांचेच आतेभाऊ. दोघींचं पहिलं मूल पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून, पोट फुगून गेलेलं. आता कडेवर एकेक तान्हं. तुम्ही त्यांना लायसोसोम समजावता आहात: घरामागं उकिरडा असतो, तसा शरीराच्या कणाकणात असतो, कचरा कुजवणारं विकर नसलं की ढीग साचत जातो. धाकटी तुमच्या हातातली सुई बघून म्हणते, "दगडू नाव हाय सायेब. दगडात सुई शिरंल का?"

मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, नगरहून आणलेल्या बर्फात थर्मासमध्ये ठेवल्या आणि आपण एसटी पकडली. प्रयोगशाळेत एका रक्तात विकर उत्तम निघालं, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर माझ्या अक्षरात एकच शब्द: दगडू. पहिलं मूल गेल्यावर दृष्ट लागू नये म्हणून थोरलीनंही तेच नाव ठेवलं होतं. तिनं सांगितलं, मी लिहीत गेलो. तुम्हाला म्हणालो, वाटेत बर्फ वितळला, नमुने खराब झाले.

आठ दिवसांनी आपण पुन्हा त्याच ओट्यावर. या आठ दिवसांत दोघींच्या घशाखाली घास उतरला नव्हता, असं सासूनं सांगितलं. थोरली मूल पुढं करीना.

"मागलं रगत काय केलं?"

"माझ्या हातून नासलं, बाई," तुम्ही मान खाली घालून म्हणालात.

या वेळी मी दगडूपुढं आईचंही नाव लिहिलं. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, माझ्याकडं पाहिलंत, आणि बाटली बर्फात ठेवलीत.

विकर नव्हतं ते थोरलीच्या मुलात. तिला तुम्हीच जाऊन सांगितलंत. मी एसटी स्टँडवर थांबलो. तो पाच वर्षांचा होऊन गेला. धाकटीचा दगडू आता आजोबा होतोय. ती नात म्हणजे त्याचीच लेक, नात्यातच दिलेली, म्हणून ही तपासणी.

बर्फ वितळला नव्हता, सर. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, हे विचारायचं धाडस मला तुम्ही असताना झालं नाही. हे पत्र आता टाकणार तरी कुठं? दिवाळीनंतर बाळ येईल. दगडूनं मला बारशाला बोलावलंय. या बारीला चांगलं नाव ठिऊ, म्हणतो.