आबांनी राब भाजला

२८ एप्रिल
आबा आले! लग्न झाल्यापासून बावीस वर्षं मी बापाच्या मागं लागले होते, काल एकदाचे जीपमध्ये बसले. भोरच्या वर डोंगरात आमच्या वाडीत शेवटची दोनच घरं उरली होती, आबांचं आणि सखूकाकूचं. काकूला तिच्या लेकानं पुण्याला नेलं. मग आबा एकटेच. दोन महिने म्हशीशी बोलायचे म्हणे. ती विकूनच आलेत. सामान काय, तर दोन धोतरं, कोयता आणि नाचणीच्या बियाण्याचं गाठोडं. म्हटलं, आबा, इथं सणसरात ऊस सोडून नाचणी? नुसते हसले.

३ मे
आबांना करमत नाही. बांधावर बसून मावळतीकडं बघतात. वाडीत चार वाजताच ऊन डोंगरामागं जायचं. इथं साडेसहा वाजले तरी डोळ्यावर. "ह्यो दिवस सरतच न्हाय गं," म्हणाले. त्यांना काय सांगू, लग्नानंतर पहिलं वर्षभर मीही तेच बघत बसायचे. उसाच्या वर नुसतं आभाळ. कुणाला बोलले नाही कधी.

७ मे
ह्यांनी आबांना टोमॅटोच्या प्लॉटच्या कडेची दोन गुंठे रिकामी जागा दिली. "मामा, लावा तुमची नाचणी." आबा लगेच धोतर खोचून निघाले. माझा नवरा तसा गोड बोलणाऱ्यातला नाही, पण आज जीव ओवाळून टाकावा असं वाटलं.

१२ मे
काय लिहू. सकाळी आम्ही दोघं पिंपळीला लग्नाला. दुपारी आलो तर प्लॉटमधून धूर. आबांनी राब भाजला! डोंगरात पेरणीआधी पाला, शेण, वाळल्या फांद्या पसरून रोपाची जागा भाजून घेतात, त्याशिवाय रोप धरत नाही. आबांनी उसाचं पाचट आणून थर रचला. खाली ठिबकच्या नळ्या. सगळ्या वितळून मातीला चिकटल्या, टोमॅटोच्या कडेच्या दोन ओळी करपल्या. आबा ओलं पोतं धरून उभे. "वारं फिरलं गं. आन् त्या नळ्या मला जुन्या, टाकल्याल्या वाटल्या."
मी चिडले. कामावरच्या बायकांसमोर बोलले, "आबा, ह्यो तुमचा डोंगर न्हाय!"
हे नळ्या उचलत राहिले. मी का बोलले. का...

१३ मे
हे भवानीनगरहून नव्या नळ्या घेऊन आले, जोडायला बसले. आबांना म्हणाले, मामा, जरा हे टोक धरा. आबांनी धरलं, पण मान वर नाही. जेवताना भाकरी अर्धीच. माझ्याशी पाहुण्यासारखं बोलतात. "थोडं पाणी मिळंल का," म्हणाले. मला!

१९ मे
बारामतीच्या बाजारात करवंदं दिसली. द्रोण घेतला, रस्त्यातच निम्मी संपवली. शाळेतून येताना चढावरच्या जाळीतून फ्रॉकचा ओचा भरून आणायचो. आता तिथं खाणारं कोणी नाही, पाखरांची चंगळ. उरलेली आबांना दिली. एकच खाल्लं. आपल्याकडची नाहीत म्हणाले. मग तेच, घरावरची कौलं चाळायची राहिलीत, पावसाआधी जायला पाहिजे, लेकीच्या दारात किती दिवस राहायचं. म्हटलं, शहात्तराव्या वर्षी एकटे कौलावर चढणार? भांडावंसं वाटतंय त्यांच्याशी. पण कोणत्या तोंडानं भांडू.

२५ मे
हे म्हणाले, "तूच घेऊन जा. चार दिवस राहा, कौलं चाळा. बघ मामा परत येतात का." पिशवी भरताना मी गाणं गुणगुणत होते. सासूबाईंनी ऐकलं.

२९ मे, वाडी
कौलं झाली. आबा वर, मी खालून एकेक कौल देत होते. फुटकी काढली, चांगली बसवली. पूर्वी सगळी वाडी मिळून एकेक घर चाळायची, दुपारच्या जेवणापर्यंत आटपायचं. आम्हा दोघांना तीन दिवस लागले. शेजारची दारं बंद, शाळेच्या पायऱ्यांवर गवत. तरी मी खूश. चार वाजता अंगणात सावली आली तेव्हा रडू आलं, कशाचं ते कळेना.
आबांना म्हटलं, त्या दिवशी माझं चुकलं. म्हणाले, "नळ्या जळाल्याच की गं." आणि हसले, महिन्यात पहिल्यांदा.

३० मे
रेंज देवळामागच्या खडकावरच येते. ह्यांनी विचारलं, कधी येताय दोघं? म्हटलं, विचारून सांगते.
आबांना विचारलं, चलताय ना? चूल सारवत होते. पूर्ण सारवून झाली, हात धुतले. मग म्हणाले, "तू आजच जा, सुमे. आनखी राह्यलीस तर मला तुझी सवय लागंल."

खालच्या फाट्यावर एसटी साडेतीनला. दोन वाजलेत. पिशवी अजून भरलेली नाही.