भट्टीतली निलगिरी

३ फेब्रुवारी, मंगळवार. डोणगाव

नंदाच्या आरागिरणीवर बातमीसाठी आलो. सख्ख्या बहिणीची बातमी भावानं देऊ नये असा आमच्या धंद्यातला संकेत. पण तालुक्यात आज दुसरं काही घडलं नाही.

भट्टी तयार. जाड पत्र्याची खोली, आत निलगिरीच्या फळ्या, खाली गिरणीचाच भुसा जळतो. नळीनं आत वाफ सोडून हवा हाकलायची, मग हळूहळू दोनशे अंशांपर्यंत न्यायचं. लाकूड भाजतं, जळत नाही. भाजलेलं लाकूड पाणी धरत नाही, वाकत नाही, वाळवीलाही रुचत नाही म्हणे. बांधावरच्या निलगिरीला इकडे सरपणाचा भाव. चौकट केली तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तोंड फिरवते. नंदाच्या मते ती आता सागाच्या पंगतीत बसेल. म्हटलं, बसेल, पण वाढणारे तयार हवेत. तिनं ऐकलंच नाही.

५ फेब्रु.

खरी गोष्ट आज कळली. दाजी गेल्यापासून दीर वसंतराव (यापुढे व.रा.) गिरणीची जागा गोदामवाल्याला द्यायच्या मागे आहेत. रस्त्यालगतची, निम्मी त्यांच्या नावावर. नंदानं शब्द दिलाय: गावातल्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याची दारं या लाकडाची करीन. त्यांनी पसंत केली तर गिरणी राहील, नाही तर मी सही करते.

भट्टी पहिल्याच वेळी फसली तर? विचारलं.

"शब्द दारायचा देला दादा. भट्ट्या किती, ते नाही बोलली मी."

न्यायशास्त्र मी शिकलो, वापरते ही.

८ फेब्रु., रवि.

व.रां.नी भट्टी उघडायचा समारंभ काढला. मुहूर्त, मंडप, पेढे. भट्टी काल पेटवलेली. लाकूड थंड व्हायला संध्याकाळ लागणार, मुहूर्त सकाळचा. नंदा नको म्हणत होती. व.रा. म्हणाले, "वहिनी, पावने येऊन बसले. अग्नीले ओवाळाले काऊन घाबरता?"

मंत्र म्हणायला मी, संस्कृत शिकल्याची शिक्षा. अग्नीचेच निवडले होते. अग्नीनं ते मनावर घेतले. दार उघडलं, नारळ फुटला, हवा आत गेली. फळ्या आधी धुमसल्या, मग भडकल्या. मागच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं असंच असतं.

निम्म्याहून जास्त माल कोळसा. उरलेल्याला चिरा.

९ फेब्रु.

व.रा. चहाआधीच हजर. आता हट्ट सोडा, देवानंच दाखवलं वगैरे. देवाला मुहूर्त कोणी सांगितला होता ते विचारावंसं वाटलं. बहिणीचं सासर, गिळलं.

सलीम मिस्त्री, दाजींच्या वेळेपासून करवतीवर, राखेत उभे राहून भट्टीचा पत्रा ठोकून पाहत होते. "भाभी, लकडी जली. भट्टी कुठं जली?"

नंदानं तोंड धुतलं आणि मला विचारलं, मेहकरकडे निलगिरी कुणाच्या बांधावर आहे. मला ठाऊक. दोन भाऊ त्या झाडांवरून कोर्टात जातात, मी बातम्या देतो.

१२ फेब्रु.

दोघा भावांना एकत्र बसवलं. झाडं कुणाची यावर एकमत नाही, पण दुसऱ्याला सावली मिळू नये यावर आहे. तोडायला तयार. गेल्या उन्हाळ्यात वाऱ्यानं पाडलेली चार खोडं चिरून वाळवलेलीच होती, ती आजच मिळाली. माझ्या पत्रकारितेचा पहिला ठोस उपयोग.

१६ फेब्रु.

भट्टी पेटली. आधी खोकल्याच्या औषधाचा वास, दुपारनंतर करपत्या गुळाचा. शेजारीण विचारून गेली, काय रांधता.

नंदा तापमानाच्या काट्यासमोर खुर्ची टाकून. काटा शंभराखाली येईस्तोवर दार उघडायचं नाही. पुन्हा मुहूर्तवाले आले तर? "बसव बाकड्यावर. च्या पाज." मंत्र म्हणू का, विचारलं. म्हणे, मनात म्हण.

१७ फेब्रु.

विस्तव ओढला. वाफ चालू. काटा उतरतोय, आमच्या तालुक्यातल्या सरकारी कामाच्या गतीनं.

दुपारी व.रा. गोदामवाल्याला घेऊन जागा मोजायला आले. वाटलं, आता भांडण. नंदा उठली नाही. फितीचं एक टोक सलीमभाईंना धरायला सांगितलं. "मोजा भाऊजी. पण भट्टीले वळसा घाला, पत्रा गरम हाये."

घातला वळसा. व.रां.चा चेहरा आठ तारखेच्या मुहूर्तासारखाच गंभीर. गोदामवाल्यानं भट्टीकडे पाहत विचारलं, हे कधी हलवणार. व.रा. उत्तर द्यायला पुढे झाले, त्याआधी नंदा म्हणाली,

"उद्या डॉक्टर येऊन राह्यले फळ्या पाहाले. तुमीबी या. ज्याले जे पाहाचं ते एकदमच पाहा."

तो हो म्हणाला. जाताना व.रा. काट्यासमोर मात्र थांबले, वाकून आकडा वाचला.

एकशे चाळीस. नंदानं खुर्ची थोडी बाजूला सरकवली, त्यांना दिसावं म्हणून.