चाकातली हवा कोण सोडतं

२२ ऑक्टोबर, पाडवा
नवी गाडी आली. मंदिरापुढं उभी करून गंध लावलं. चारी चाकांतली हवा गाडी स्वतःच बघते आणि कमी झाली की समोर दाखवते, असं शोरूमवाले म्हणाले. माणसानं स्वतःकडं एवढं लक्ष दिलं तर मोक्ष लांब नाही. धाकटा भाऊ भरतेश म्हणाला, दादा, पांढरी घ्यायची हुती, पण निळी बी बरी हाय. संकल्प: गाडीचा गर्व करायचा नाही.
संध्याकाळी गर्व न करता गावातून दोन फेऱ्या मारल्या.

१८ नोव्हेंबर, सकाळ
गाडी चालू करताच समोर पिवळा कळश उगवला. मधे उभी रेघ, खाली टिंब. गाडी बनवणारे जैन असतील असं वाटलं नव्हतं. हात जोडले. दहापर्यंत कळश मावळला.

२१ नोव्हेंबर
रोज येतो, उन्हं चढली की जातो. सुंदरीनं गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं. म्हणाली, आवं, ह्यो कळश न्हाई, चाकात हवा कमी हाय. म्हणजे चार दिवस मी तक्रारीला नमस्कार करत होतो. बायकोला म्हटलं, भाव महत्त्वाचा.

२२ नोव्हेंबर, सामायिक करताना
आत्मचिंतन करायचं होतं, चाकाचं झालं. टायर नवे. पंक्चर नाही. हवा रात्री जाते, दिवसा परत येते. म्हणजे कोणीतरी रात्री सोडतो, आणि मी मंदिरात गेलो की पस्तावून भरतो. असा स्वभाव एकाचाच, आणि तो आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. त्याच्याकडं पंप आहे. शिवाय त्याला पांढरी हवी होती.

२३ नोव्हेंबर
भरतेशची बायको गेल्यापासून तो आमच्याकडंच जेवतो. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, पाणीही पीत नाहीत, म्हणून माधवनगरचं दुकान पाचला बंद करून पळत येतो. एक दिवस चुकला नाही. आज जेवताना त्याचे हात पाहिले. नखं काळी. म्हणाला, मोटरसायकलची चेन पडली हुती. कारण तयारच. मनात क्षमा केली. हलकं वाटलं.

२९ नोव्हेंबर
मनातली क्षमा त्याला कळणार कशी? आज सांगून टाकलं. त्यानं विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, चाकांबद्दल. आधी हसला. म्हणाला, दादा, थंडीनं बसती हवा, तापली की फुगती. माझ्या गाडीची बी बसती. पंपावर जाऊन भरून आण, न्हाईतर आण हिकडं, मीच भरतो.
मीच भरतो म्हणाला. आणखी काय कबुली हवी?
संकल्प: हवा भरायची नाही. पुरावा राहिला पाहिजे.

७ डिसेंबर, सातारा
काल लेकीकडं मुक्काम. सकाळी गाडीतला तो दिवा लागलेला, आणि सांगलीपेक्षा उशिरा मावळला. भरतेश तर गावात. मग इथं कोण? जावई भला माणूस आहे. तरी पोहे खाताना त्याला, रात्री गाडीजवळ गेला होता का, असं सहज विचारलं. सहज तीनदा विचारलं. ब्राह्मी म्हणाली, पप्पा, इथं केवढी थंडी पडते, काकांना कशाला मधे आणताय?
काकाचं नाव मी काढलंच नव्हतं. तिला कोणी सांगितलं? जाळं घरातच आहे.

१० डिसेंबर
मागच्या दाराला कुलूप लावलं. भरतेश रस्त्यानं वळसा घालून जेवायला आला. दारातच उभा राहिला. विचारलं, कुलूप माझ्यासाठी हाय व्हय? जेवणाआधी खोटं बोलू नये. म्हटलं, सगळ्यांसाठी आहे, त्यात तूही आलास. सुंदरी म्हणाली, आवं, बसवा की त्याला. मी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. उघडले तेव्हा ताट होतं, तो नव्हता.
धर्मानं वागणाऱ्याला घरातूनच त्रास होतो.

१४ डिसेंबर
भरतेश माधवनगरला, दुकानावरच्या खोलीत राहायला गेला. गादी नेली, पंप नेला. सुंदरी बोलत नाही. बोलेल. उद्या सकाळी सगळ्यांना कळेल.

१५ डिसेंबर, सकाळी
दिवा. चारी चाकं.

थोड्या वेळानं
माधवनगरहून आला असेल.

आणखी थोड्या वेळानं
अंगणात दव. पावलं फक्त माझी.

१९ डिसेंबर
पेट्रोल पंपावर हवा भरली. हवावाल्यानं विचारलं, मालक, शेवटची कवा भरलीती? गाडी अशी दगा देईल असं वाटलं नव्हतं. हवा कमी झाल्याचं रोज सांगितलं, थंडीचं एका अक्षरानं नाही. अर्धं खरं हे खोट्यापेक्षा वाईट.

२० डिसेंबर
दिवा नाही. भरतेशला फोन करायचा. पण थोरल्यानं आधी करावा का, याविषयी शास्त्रात काही सापडेना.

२४ डिसेंबर
अजून शोधतो आहे. सुंदरी अजूनही तीन ताटं मांडते, मग एक उचलून ठेवते. मोठ्यानं.

२७ डिसेंबर
सुंदरीनं डबा भरून हातात दिला. भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी. म्हणाली, दिवस हाय तवर पोचा.
पोचलो वेळेतच. पण दुकानासमोर गाडीत बसून वाक्य जुळवत राहिलो. 'दोघांचंही चुकलं' म्हणावं, की 'माझंही थोडं चुकलं असेल'? 'थोडं' काढावं का? 'असेल' काढावं का? शेवटी दोन्ही काढली आणि वर गेलो.
भरतेशनं ऐकून घेतलं. म्हणाला, बस. पाणी दिलं नाही, स्वतःही प्यायला नाही. मी डबा पुढं केला. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. खाली रस्त्यावरचे दिवे लागले होते.
म्हणाला, दिवस बुडाला, दादा.
डबा घेऊन परत आलो. सुंदरीनं हातात घेतला, वजन पाहिलं, आणि न उघडता ओट्यावर ठेवला.